तळ्यावरून परत आलेला माणूस

काका कुठलीही गोष्ट सांगताना ऐन मोक्याच्या जागी उठून जायचे. म्हणजे समजा, त्यांच्या उमेदीच्या काळात एका टेस्ट गाडीचे ब्रेक उतारावर निकामी झाले होते, ती हकिगत चाललीय. आपण घास हातात धरून ऐकतोय. काका पुढे झुकून, डोळे बारीक करून म्हणणार, "समोर वळण. वळणावर लाकडांचा ट्रक आडवा. मी पेडल दाबलं. आणि बघतो तर..." की लगेच खुर्ची सरकवून उठणार. स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिणार, खिडकीतून मागच्या अंगणात डोकावून खारी पक्ष्यांचे दाणे पळवतायत का ते बघणार, गॅस बंद आहे याची खात्री करणार, आणि मग सावकाश परत येऊन बसणार. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी घाबरून काकूंकडे बघितलं. मला वाटलं, यांना बरंबिरं वाटत नाहीये. काकू शांतपणे माझ्या पानात वरण वाढत म्हणाल्या, "काही नाही गं, जाहिरात लागली. जेव तू."

हे काका माझे नात्याचे कोणी नव्हते. मी नागपूरहून मिशिगनला एम.एस. करायला आले आणि इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या कोणाच्या तरी ओळखीने ट्रॉयमधल्या त्यांच्या घरातली वरची खोली मला राहायला मिळाली. काका मूळचे सांगलीकडचे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आले आणि रिटायर होईपर्यंत गाड्यांचे ब्रेक तयार करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होते. मुलगा कॅलिफोर्नियात. मी बॅगा घेऊन दारात उभी राहिले तेव्हा काकांनी मला कॉलेज विचारलं नाही, आडनावावरून गावही काढलं नाही. म्हणाले, "सिनेमे बघतेस?"

मी म्हटलं, "बघते ना."

"थिएटरचे नव्हे. ते सगळेच बघतात. टीव्हीसाठीच काढलेले. एकदाच लागायचे आणि गायब व्हायचे, ते."

मी नाही म्हटलं. काकांनी माझी मोठी बॅग उचलली आणि निराश होऊन जिना चढले. त्यांनी मला माझ्या नावाने कधी हाक मारली नाही. "काय नागपूर, उठलीस का?" "नागपूर, चहा घेणार?" माझ्याआधी त्या खोलीत एक औरंगाबाद राहून गेला होता आणि त्याच्याही आधी एक नाशिक. त्या दोघांनाही सिनेमांची आवड लावण्याचा प्रयत्न करून झाला होता.

ते सिनेमे म्हणजे काय, हे मला पुढच्या दोन-तीन महिन्यांत इतकं समजलं की माझ्या थिसिसबद्दल तेवढं समजलं असतं तर बरं झालं असतं. काका आले त्या काळात अमेरिकन टीव्हीवर आठवड्यातून एकदा खास टीव्हीसाठी काढलेला सिनेमा लागायचा. तास-सव्वा तासाचा, घाईघाईत काढलेला. भीतीचा, नाहीतर विज्ञानाचा. बहुतेक वेळा दोन्हींचा. एकदा लागला की लागला. पुढच्या आठवड्यात दुसरा. मागचा कुठे गेला ते कोणी विचारायचं नाही.

काका विचारत राहिले. सिनेमांची नावं त्यांना क्वचितच आठवायची, पण गोष्ट मात्र अशी आठवायची की जणू कालच बघितलीय. एका ऑफिसातली लिफ्ट माणसं निवडून मधल्या मजल्यावर अडकवून ठेवते. एका गावातली कुत्री एके दिवशी भुंकायची बंद होतात आणि फक्त शाळामास्तरणीला कळतं की हे काही खरं नाही. एक घर तापमान राखणाऱ्या स्वतःच्याच थर्मोस्टॅटच्या मनाप्रमाणे चालायला लागतं. यातल्या शेवटच्या सिनेमामुळे आमच्या घरातला थर्मोस्टॅट काकांनी कधी बदलू दिला नाही. मुलगा ख्रिसमसला आला तेव्हा मोबाइलवरून चालणारा नवा घेऊन आला होता. काकांनी त्याचे आभार मानले आणि खोका गराजमध्ये पालथा घालून ठेवला.

"त्या लोकांना राक्षस परवडायचा नाही," काका मला सांगायचे. "मग काय करायचे? दार दाखवायचे. बंद दार. आणि दाराकडे बघणाऱ्या बाईचा चेहरा. संपलं! आजच्या सिनेमात राक्षस पहिल्या पाच मिनिटांत येतो आणि दातसुद्धा मोजून घ्या म्हणतो. कसली भीती वाटणार, यार?" हे 'यार' ते औरंगाबादकडून शिकले होते.

मी म्हणायचे, "पण काका, हे सगळे फालतूच सिनेमे होते ना?"

"फालतूच! म्हणून तर कोणी जपले नाहीत. चांगल्याला जपायला जग आहे."

आणि यांनी जपले. बेसमेंटमध्ये भिंतभर व्हिडिओ कॅसेट होत्या. शनिवारी सकाळी काका आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या जुन्या सामानाच्या विक्रीला, म्हणजे गराज सेलना जायचे आणि लोकांनी घरी रेकॉर्ड केलेल्या जुन्या टेप्स घेऊन यायचे. त्यांवर काय असेल त्याचा भरवसा नसायचा. कोणाच्या लग्नाची टेप निघायची, कोणाच्या बेसबॉलची, आणि मधेच कुठेतरी अर्धा सिनेमा, जाहिरातींसकट. जाहिराती आल्या की काका खूश व्हायचे. साबण, कॉफी, कधीच्या बंद पडलेल्या गाड्या. एखाद्या गाडीची जाहिरात लागली की म्हणायचे, "हिचे ब्रेक आमचे." जाहिरातींशिवायचा सिनेमा त्यांना उपाशी वाटायचा. सिनेमात कोणी ब्रेकची नळी कापली आणि गाडी दरीत गेली, तर मात्र त्यांना राहवायचं नाही. टेप थांबवून ते मला कागदावर आकृती काढून दाखवायचे की असं होणं शक्य नाही, दुसरी नळी असतेच. मग पुन्हा टेप सुरू करून तितक्याच आवडीने घाबरायचे.

त्यांना बाहेरच्या जगात न्यायचं म्हणजे काकूंना घोर असायचा. एकदा मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांना भाषणाला उभं केलं. विषय होता 'निवृत्तीनंतरचे नियोजन'. काकांनी सुरुवात केली, "निवृत्त होऊन एक गृहस्थ तळमजल्याच्या घरात राहायला येतात. पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात येतं की जिन्याला एक पायरी जास्त आहे." तळमजल्याच्या घराला जिना कशाला, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. सभागृह एकदम गप्प. मुलंसुद्धा फोनमधून मान वर काढून बघायला लागली. काकांनी त्या गृहस्थांना पायरीवर उभं केलं, खालून कसलीशी चाहूल ऐकवली, आणि "मग त्यांनी मागे वळून बघितलं, तर..." असं म्हणून स्टेजवरून उतरून चहाच्या टेबलाकडे चालू पडले. अध्यक्षांना वाटलं, भाषण संपलं. ते आभार मानायला उठले तर लोक ओरडले, "अहो बसा, बसा! काकांना येऊ द्या!" काका कप घेऊन परत आले आणि गोष्ट पुरी केली. नियोजनाचं काय झालं ते मला आठवत नाही. पण त्या रात्री जेवणाच्या रांगेत सगळे त्या पायरीबद्दलच बोलत होते, आणि काकू डोक्याला हात लावून हसत होत्या.

काकांची आणखी एक सवय होती. बाहेरून घरात पाऊल टाकलं की पहिला शब्द ठरलेला. "जेवलीस का?" हे काकूंना. दुपारचे चार वाजलेले असोत, दोघं नुकतीच एकत्र जेवून काका फक्त पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन आलेले असोत. दार उघडायचं, बूट काढायच्या आधी, "जेवलीस का?" आणि काकू असतील तिथून, "हो, जेवले!" मला वाटायचं, म्हातारपण आहे. चालायचंच.

मी तिथे गेले त्या पहिल्या हिवाळ्यात काकूंच्या डोळ्यांचं सुरू झालं होतं. नजरेचा मधला भाग पुसट होत चालला होता. कडेचं दिसायचं, समोरचं दिसायचं नाही. माझ्याशी बोलताना त्या मान जराशी वळवून माझ्या कानाकडे बघायच्या. डोळ्यांत इंजेक्शनं चालू होती, पण डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की राहिलंय तेही फार दिवस राहणार नाही. काकू त्या काळातल्या बऱ्याच जणींसारख्या लग्न होऊन नवऱ्यामागून आल्या, इंग्रजीचा गंध नसताना. पुढे मात्र इथल्या लायब्ररीत अनेक वर्षं नोकरी केली. वाचायचं बंद झालं तेव्हा त्यांनी तक्रार केली नाही. मुलाने विचारलं, "आई, एनीथिंग यू वाँट टू सी? वी कॅन गो एनीव्हेअर." ग्रँड कॅनियन म्हणशील, काश्मीर म्हणशील. काकू म्हणाल्या, "तो तळ्याचा सिनेमा एकदा बघायचाय. बाबांना म्हणावं, शोधा."

काका म्हणाले, "शोधतोय की. सापडत नाही."

तो सिनेमा कुठला, ते काकूंनी मला एका संध्याकाळी मटार सोलता सोलता सांगितलं. अमेरिकेत आल्या आल्या त्यांनी बघितलेला, लहानशा अपार्टमेंटमध्ये, कोणीतरी दिलेल्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर. त्यांना एक अक्षर कळायचं नाही. काका शेजारी बसून मराठीत सांगत जायचे. "गोठलेलं तळं असतं. काठावर एका बाईचं घर. तळ्याच्या मधोमध एक केबिन असते, तिथे तिचा नवरा शास्त्रज्ञ म्हणून काम करतो. बर्फाखालून कसलातरी आवाज घुमत असतो. तो आवाज ऐकून जी माणसं पुढे जातात ती परत येत नाहीत. नवराही जातो. ही बाई रोज खिडकीत दिवा ठेवते. गावातले लोक सांगतात, बाई, आता जा इथून. ही जात नाही. आणि शेवटी रात्री दार वाजतं. दारात तो. अंगावर बर्फ, डोक्यावरून टोपी ओढलेली. आल्या आल्या हातमोजे काढून तिच्या हातात देतो, ओले झालेत, वाळत घाल म्हणून. आणि काय विचारतो, माहितीये?"

"काय?"

"जेवलीस का!"

मला हसू आवरेना. "काकू, अमेरिकन हीरो असं विचारतो?"

काकूंनी एक शेंग मोडली आणि माझ्या कानाकडे बघत म्हणाल्या, "हा विचारतो."

आता मी टेक्सासमध्ये फ्रिस्कोत राहते. घरात भिंतीएवढा टीव्ही आहे, जगातलं काहीही दोन सेकंदांत लागतं, आणि माझी मुलगी जाहिरात आली की जणू कोणी तिचा अपमान केलाय असं ओरडते, "आई, स्किप इट!" मागच्या वर्षी काका गेले. काकू मुलाकडे कॅलिफोर्नियात आहेत. ट्रॉयचं घर विकलं गेलं. नव्या मालकांनी थर्मोस्टॅट बदलला असणार. मला कधीकधी त्या सिनेमांची इतकी आठवण येते की माझं मलाच नवल वाटतं, कारण मी त्यांतले निम्मे बघितलेलेच नाहीत, काकांकडून नुसते ऐकलेत. एकदा लागून गेलेली, कोणी न जपलेली गोष्ट कोणीतरी शेजारी बसून आपल्याला सांगतंय, याची ती आठवण आहे. आपल्या भाषेत, आपल्यासाठी थांबत थांबत. असं मला आता कोण सांगणार? त्या दिवसांत मीही घरापासून लांब, एकटी होते, आणि त्या बेसमेंटमध्ये मला एकटं वाटायचं नाही. हे मी काकांना कधी बोलले नाही, पण त्यांना ते कळत असावं.

तर तो तळ्याचा सिनेमा. काकांना इंटरनेटवर शोधता येत नसेल असं समजून त्याच हिवाळ्यात मी कामाला लागले. असल्या सिनेमांच्या आठवणी काढत बसणारे लोक जगभर आहेत, हे मला तेव्हा समजलं. 'लहानपणी बघितला होता, नाव आठवत नाही, एका लिफ्टबद्दल होता' अशा हाका मारत असतात आणि दुसरं कोणीतरी लांबून ओ देतं. मीही हाक मारली. तळं, केबिन, बर्फाखालचा आवाज, खिडकीतला दिवा. काही आठवड्यांनी ओरेगनमधल्या एका बाईंचं उत्तर आलं. सिनेमाचं नाव, आणि वर एक तुकडासुद्धा. खिडकीत दिवा ठेवणारी बाई, अगदी काकूंनी सांगितली तशी. मी लॅपटॉप घेऊन धावत गराजमध्ये गेले. काका बर्फ ढकलायच्या मशीनमध्ये तेल घालत होते.

"काका! सापडला!"

त्यांनी पडद्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, नाचतील. ते हातातलं फडकं घडी करायला लागले.

"तिला दाखवलंस?"

"नाही, आधी तुम्हालाच..."

"दाखवू नकोस." मग त्यांनी वरच्या फळीवरचा, ज्यात तो नवा थर्मोस्टॅट होता, तो खोका खाली काढला. आत थर्मोस्टॅटच्या शेजारी एक कॅसेट होती. "माझ्याकडे आहे तो, नागपूर. कधीचा आहे. खूप वर्षांपूर्वी एकदा दुपारी रिपीट लागला होता, तेव्हा टायमर लावून घेतलाय. दर वेळी लपवायची जागा बदलतो."

मला काहीच कळेना. "मग काकूंना का नाही दाखवत?"

"कारण शेवट तो नाहीये."

ते मशीनवरच टेकून बसले. त्या दिवशी त्यांनी गोष्ट सांगितली ती मात्र एकदाही न उठता. "दारात येतो तो नवरा नसतोच. दुसरा माणूस असतो, नवऱ्याबरोबर काम करणारा. हातमोजे नवऱ्याचे असतात. तेवढेच सापडतात. तो म्हणतो, 'आय ॲम सॉरी, मॅम.' आणि ती रडते. संपला सिनेमा."

"आणि तुम्ही..."

"अगं, दुसऱ्या दिवशी पहाटे मला उत्तरेला निघायचं होतं. टेस्टिंगला. तिकडे गोठलेल्या तळ्यावर गाड्या पळवून आम्ही ब्रेक तपासायचो. महिनाभर तरी जाणार होतो. ही नुकतीच आलेली. इंग्लिश नाही, ड्रायव्हिंग नाही, खाली जाऊन ब्रेड आणायची भीती. आणि आदल्याच संध्याकाळी टीव्हीवर नेमका कोण, तर तळ्यावर गेलेला नवरा! दर जाहिरातीला विचारायची, येतो ना हो तो? मी म्हणायचो, बघू या. शेवटी दारात तो माणूस उभा राहिला आणि हिने माझा दंड धरला. काय सांगायला हवं होतं मी?"

मी लॅपटॉप मिटला.

"आणि खरं सांगू? आदल्या वर्षी आमच्यातला एक जण गाडीसकट बर्फात खाली गेला होता. वाचला, पण गेला होता. मलाच त्या वेळी तो शेवट ऐकवेना. मग सुचेल ते बोललो. नवरा घरी आल्यावर आणखी काय विचारतो, मला काय ठाऊक? माझे वडील शेतावरून आले की आईला हेच विचारायचे. महिन्याने मी परत आलो, हिने दार उघडलं आणि नुसती बघत उभी राहिली. माझ्या लक्षात आलं, ही वाट बघतेय. मग विचारलं, जेवलीस का. ते आजतागायत चालू आहे."

"मग आता सांगून टाका ना, काका. काकू हसतील."

"हसली तर बरंच आहे," काका म्हणाले. "पण इतकी वर्षं तिने तो शेवट धरून ठेवलाय, आणि आता डोळ्यांपुढून सगळंच चाललंय. त्यात मी हेही काढून घेऊ?"

पेच साधा होता आणि त्यातून वाट निघेना. तेव्हा काकूंना चित्र दिसत होतं आणि भाषा कळत नव्हती. आता भाषा सगळी कळत होती आणि चित्र दिसत नव्हतं. सिनेमा लावला तर 'आय ॲम सॉरी' त्यांना लख्ख ऐकू जाणार. न लावावा तर ती एकच गोष्ट त्यांनी मागितली होती, आणि दिवस थोडे होते. दर इंजेक्शननंतर डॉक्टरांचा चेहरा थोडा अधिक सौजन्याचा होत होता. काकांनी आठवडाभर जेवताना एकही गोष्ट सांगितली नाही. काकू मला म्हणाल्या, "आठवडाभर जाहिरातच चाललीय की काय?"

शेवटी काका माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "नागपूर, व्हीसीआरची आवाजाची वायर काढता येते ना?"

रविवारी दुपारी आम्ही तिघं बेसमेंटमध्ये बसलो. काकूंनी साडी नेसली होती. एरवी त्या घरी सलवार-कमीज घालायच्या. त्या टीव्हीच्या अगदी जवळ, खुर्ची जरा तिरकी करून बसल्या, म्हणजे कडेच्या नजरेत पडदा यावा. काका त्यांच्या शेजारी. मी ठरल्याप्रमाणे जाहीर केलं, "काकू, टेप जुनी आहे. आवाज गेलाय."

"असू दे," काकू म्हणाल्या. "हे सांगतील की."

काकांनी सांगायला सुरुवात केली. मी त्यांच्याकडून इतक्या गोष्टी ऐकल्या होत्या, पण अशी कधीच ऐकली नव्हती. आवाज खाली, हळू, एका माणसापुरता. "ही बघ, तळ्याकडे बघतेय. तो बूट चढवतोय. म्हणतोय, दोन दिवसांत येतो." पडद्यावर बर्फ होतं, खूप बर्फ, आणि टेप जुनी असल्यामुळे त्यावर पांढऱ्या ठिपक्यांचं आणखी थोडं. मधे जाहिराती लागल्या. कॉफीची, टायरची. काका उठले नाहीत. काकू विचारायच्या, "दिवा लावला का तिने?" आणि काका म्हणायचे, "लावतेय." एकदा काकूंनी पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं, "ते काय, पडदे का? आपल्याकडे तसेच होते." काका म्हणाले, "तसेच. पिवळे." टीव्हीतले पडदे तर पांढरे होते, पण हे सांगायची मला छाती झाली नाही. दोघंही कुठलं घर बघत होती कोण जाणे.

मग दार वाजलं. म्हणजे वाजलं असणार. पडद्यावरची बाई दचकून उठली, चालत गेली, दार उघडलं. बाहेर अंधार, बर्फ, आणि टोपी ओढलेला माणूस. चेहरा सावलीत. काकूंनी काकांचा दंड धरला.

काका बोलेचनात.

पडद्यावर त्या माणसाने हातमोजे पुढे केले. बाईने ते घेतले. मी त्यांच्याकडे बघत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"अगं," ते शेवटी म्हणाले, "ऐक. मला तुला काहीतरी सांगायचंय. हा जो दारात आलाय ना, तो..."

"माहितीये मला," काकू म्हणाल्या. "तो नव्हे तो."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले.

"तुम्ही टायमर लावून ऑफिसला गेला होतात. मी घरीच होते की त्या दिवशी. दुपारी मशीन आपोआप सुरू झालं, लाल दिवा लागला, मी घाबरले. म्हटलं, हे काय रेकॉर्ड होतंय ते तरी बघावं, म्हणून टीव्ही लावला. सगळा बघितला. तेव्हा इंग्लिश येत होतं मला."

"मग इतकी वर्षं," काका म्हणाले, "शोधा, शोधा म्हणून माझ्यामागे..."

"सिनेमा कोणाला हवाय, अहो?" काकूंनी दंड सोडला नव्हता. "त्यातला निम्मा आता दिसतसुद्धा नाही मला. तुम्ही सांगा ना. तुमचं सांगा. त्यासाठी बसलेय."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पडद्यावर त्या बाईने तोंड झाकून घेतलं होतं आणि नावं वर सरकायला लागली होती. काका पुढे झुकले आणि डोळे बारीक करून म्हणाले, "आला. अंगावर एवढं बर्फ. हातमोजे दिले तिच्याकडे. म्हणाला, चिंब झालेत बघ."

"मग?"

"मग आत आला. बूट काढले. तिने पाणी तापत ठेवलेलंच होतं."

"काय केलं होतं जेवायला?"

"पिठलं," काका म्हणाले. "भात. घरात दुसरं होतंच काय?"

टेप संपली. पडदा निळा झाला. मी उठून बंद करणार होते, पण माझ्याने उठवेना. मला रडू येत होतं आणि ते मी थांबवलं नाही, कारण माझ्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

"आणि परत गेला का हो तो, तळ्यावर?" काकूंनी विचारलं.

"जायचं होतं त्याला. दुसऱ्या दिवशीच बोलावणं आलं."

"मग गेला?"

"छे," काका म्हणाले. "त्याने बदली मागून घेतली."